खातेदाराचं बोलावणं

त्याला सगळे खातेदार म्हणत. बँकेत त्याचं एकच खातं होतं आणि त्याचं पासबुक बायकोच्या कपाटात असे. पण इंटरनेटवर जिथे म्हणून फुकट खातं उघडता येतं तिथे त्याने ते उघडलेलं होतं. नवी साइट निघाल्याची कुणकुण लागायचा अवकाश, हा दारात हजर. आत जाऊन आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक नसे. दार उघडं आहे आणि तिकीट नाही, एवढं त्याला पुरे होतं.

पोटापाण्यासाठी तो कवळ्या करायचा. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं. पुढे डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाची मापं घेत, आणि ती मापं मागे याच्याकडे येत. तो त्यात प्लास्टर ओतायचा, निघालेल्या जबड्यावर मेणाच्या हिरड्या बसवायचा, हिरड्यांत दात रोवायचा आणि शेवटी फिरत्या चाकावर घासूनपुसून सगळं चकचकीत करायचा. हात उत्तम होता. त्याच्या कवळीने माणूस नीट चावायचा आणि हसला तर शेजारच्याला शंकाही यायची नाही. पण दिवसभर समोर नुसते जबडे, आणि त्यातला एकही बोलणारा नाही. तेव्हा मधल्या वेळेत त्याला जगाशी बोलावंसं वाटलं तर त्यात नवल नव्हतं.

जगाशी बोलायची त्याची पहिली जागा म्हणजे 'ओळभर'. तिथे एका वेळी एकच ओळ लिहिता यायची. 'आज एका गृहस्थांचे वरचे दात झाले, खालचे उद्या,' असं त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं, आणि कुठल्याशा परक्या माणसाने खाली 'अभिनंदन' असं टाकलं. दातवाल्या गृहस्थांचं की कवळीवाल्याचं, ते काही कळलं नाही. तरी खातेदाराची छाती दोन दिवस फुगलेली होती.

मग त्याला चटकच लागली. एका साइटवर लिहिलेलं तासाभरात पुसलं जायचं. हा आपली ओळ पुसली जाईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा, तोवर मेण थंड होऊन जायचं. एका ठिकाणी फक्त प्रश्न विचारायला परवानगी होती, उत्तरं द्यायला बंदी. तिथे याने विचारलं, 'इथे कुणी आहे का?' त्यावर कुणीतरी विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' एक सेवा तुमचं पत्र जपून ठेवून दहा वर्षांनी तुम्हालाच पाठवणार होती. याने मोठ्या मनाने स्वतःला पत्र लिहिलं, प्रकृतीची चौकशी केली, बायकोला जप म्हणून सांगितलं. आठ महिन्यांत ती कंपनीच आटोपली. 'जड अंतःकरणाने कळवतो' अशी सुरुवात असलेलं निरोपाचं पत्र आलं. अशी पत्रं त्याला इतकी येत की पुढे पुढे तो ती वाचतही नसे. ज्याच्या घरी जेवायला जावं त्याचंच घर बंद, असं कितीदा झालं, पण गडी काही खचला नाही.

बायको म्हणायची, "अहो, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तेवढं बघता का?" त्यावर हा म्हणायचा, "नळवाल्याला सांगितलंय." आणि खरंच सांगितलेलं असायचं. नळवाला यायचा नाही, ते वेगळं.

आता त्याची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या खोडीतून झालं. कुठेही खातं उघडताना एक प्रश्न येतो: तुमच्या फोनमधली नावं आम्ही बघू का, आणि तुम्ही इथे आल्याचं त्यांना कळवू का? खाली दोन बटणं असतात. एक मोठं, रंगीत, 'होय' म्हणणारं. दुसरं बारीक, फिकट, 'नको' म्हणणारं. खातेदार दर वेळी 'होय' दाबायचा. प्रश्न वाचून दाबायचा, बरं का. नजरचुकीने नव्हे. त्याचं म्हणणं असं, की ही माणसं आपल्याला एवढं सगळं फुकट देतायत, बदल्यात एकच गोष्ट मागतायत आणि तीही विचारून. तोंडावर नाही कसं म्हणायचं? घरात कुणी पाणी मागितलं तर दहा मिनिटं न उठणारा हा माणूस, यंत्रापुढे मात्र भारी भिडस्त.

या भिडेपायी त्याने सख्खा भाऊ घालवला होता.

दादा त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. लांबच्या गावी बिस्किटांच्या कारखान्यात एका पाळीचा मुख्य होता. पाचसहा वर्षांपूर्वी एका दुपारी दादाला अचानक कामावरून कमी केलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून त्याने धाकट्याला फोन केला. आवाज पार बसलेला. म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. घरी मी संध्याकाळी नीट सांगीन." धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवल्यावर काय करावं त्याला सुचेना, हातातली कवळी बाजूला ठेवून त्याने सकाळीच उघडलेल्या एका नव्या साइटवर लिहिलं, 'आज माझ्या दादाची नोकरी गेली. एवढा भला माणूस. फार वाईट वाटतंय.' तिथे अजून त्याला कुणी ओळखतसुद्धा नव्हतं. भिंतीशी बोलावं तसा तो बोलला. पण सकाळी त्याने 'होय' दाबलेलं होतं. फोनमधल्या सगळ्यांना ती ओळ गेली. वहिनीला गेली, वहिनीच्या भावांना गेली. दादा घरी पोचला तेव्हा वहिनी दारात रडत उभी होती आणि आत तिच्या माहेरचे तीन फोन येऊन गेलेले होते.

दादाने पुन्हा फोन केला तो एवढंच म्हणायला, "माझ्या आधी माझी बातमी घरी पोचली." त्यानंतर तो बोललाच नाही. पुढे त्याला दुसरं काम मिळालं, घर बदललं, हे सगळं खातेदाराला इकडून तिकडून कळलं. माफी मागायची त्याने अनेकदा ठरवलं. पण आपण मुद्दाम केलं नाही हे आधी समजावून सांगावं लागणार, आणि समजावण्याइतका वेळ दादा फोन धरणार नाही, अशी त्याची समजूत. दिवस गेले. पोरका झाल्यासारखं वाटायचं त्याला. हे मात्र त्याने कुठेही लिहिलं नाही.

आणि मग 'घरोबा' निघाली.

'घरोबा'वर म्हणे आपल्या माणसांचीच बैठक. जो जास्त माणसं आणेल त्याच्या फोटोभोवती सोनेरी चौकट. खातेदाराने खातं उघडलं, फोटो चढवला, 'होय' दाबलं आणि कामाला लागला. दोनतीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "तुम्हाला काही हवं असेल, सुट्टी, पगार, काहीही, तर तोंडाने सांगत जा. असं लिहू नका." याला काही उलगडा झाला नाही. बाईंचा स्वभाव थोडा विचित्रच, असं मनाशी म्हणून त्याने चाक सुरू केलं.

त्याच शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं आणि "अगंबाई!" म्हणून मागे सरली. दारात दादा. केस पांढरे झालेले, हातात बॅग आणि फळांची पिशवी.

खातेदार पुढे आला आणि तिथेच थिजला. दादा त्याच्याकडे आपादमस्तक बघत होता.

"कसा आहेस?" दादाने विचारलं.

"बरा आहे."

"नक्की?"

"म्हणजे... हो."

"उभा नको राहूस. बस. अगं, याला खुर्ची दे." दादाने स्वतःच खुर्ची ओढली, धाकट्याला दंड धरून बसवलं, आणि समोर बसून हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"कोण, बाई? त्या म्हणतात तोंडाने सांगत जा."

"आजार कसला आहे?"

आजार कसलाच नाही हे पटवायला दोघा नवराबायकोला चांगला अर्धा तास लागला. शेवटी दादाने वैतागून खिशातून फोन काढला. "मग हे काय आहे?" फोनवर धाकट्याचा हसरा फोटो होता आणि खाली तीन निरोप. पहिला, 'तुमच्याशिवाय त्याला करमत नाही. या ना!' दुसरा, 'तो अजून वाट पाहतोय.' तिसरा, 'हे शेवटचं बोलावणं. यानंतर तो तुम्हाला बोलावू शकणार नाही.'

"पहिलं आलं तेव्हा मी फोन उपडा करून ठेवला," दादा म्हणाला. "म्हटलं, आता आठवण झाली होय? दुसरं आलं तेव्हा झोप नाही आली. तिसरं वाचलं आणि सरळ गाडीत बसलो. कशाला असलं अभद्र लिहायचं रे? साधं 'ये' म्हणाला असतास तरी आलो असतो."

खातेदाराने तोंड उघडलं. "लिहिलं गेलं," एवढंच तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

स्वयंपाकघरात बायकोने त्याला कोपऱ्यात घेतलं. "तुम्ही बोलावलंत त्यांना?"

"मी नाही. घरोब्याने बोलावलं."

"कोण घरोबा?"

"अगं, ती साइट. फोनमधल्या सगळ्यांनाच गेलं असणार."

बायकोने कपाळाला हात लावला. मग बाहेर बसलेल्या दादाकडे एकदा डोकावून बघितलं. तो या घरात कालपरवापर्यंत येऊन जाऊन असल्यासारखा पंख्याखाली पाय पसरून बसला होता. "आलेत ना?" ती म्हणाली. "मग गप्प बसा. आयुष्यात एकदा तरी काही सांगू नका."

तो गप्प बसला, आणि शनिवार सोन्यासारखा गेला. दादाने वहिनीच्या भाच्याच्या लग्नातले किस्से सांगितले, नव्या कामावरच्या साहेबाची नक्कल केली. हसताना त्याच्या वरच्या बाजूचा एक दात नसल्याचं धाकट्याच्या लगेच लक्षात आलं. "असा हिंडतोस? चल," म्हणून तो त्याला दवाखान्यात घेऊन गेला. माप घेणं खरं तर डॉक्टरीणबाईंचं काम. पण किल्ली याच्याकडे असे, आणि हाताखालून मापं एवढी गेलेली, की यालाही ते जमायचं. त्याने गुलाबी पूड पाण्यात कालवली, पत्र्याच्या साच्यात भरली आणि दादाच्या टाळ्याला घट्ट दाबून धरली. आता ते घट्ट होईपर्यंत दादाला बोलता येणार नव्हतं. खरं सांगून टाकायला याहून चांगली संधी कुठली? समोरचा माणूस ओरडू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही. खातेदाराने घसा खाकरला. दादा मान मागे टाकून, डोळे मिटून, लहान मुलासारखा विश्वासाने तोंड उघडून बसला होता. "दुखत नाही ना?" खातेदाराने विचारलं. दादाने नाही म्हणून बोट हलवलं. एवढंच बोलणं झालं.

रविवारी सकाळी तिघं चहा घेत बसले असताना नळवाला आला. महिनोन्महिने न आलेला नळवाला, हत्यारांची पिशवी घेऊन, न बोलावता.

"काका, तुम्ही पण कमाल करता हां," तो दारातूनच म्हणाला. "माझ्याशिवाय करमत नाही तुम्हाला? बायको विचारते मला, कोण हा माणूस, तुझी एवढी वाट बघतोय! दोनदा आलं तेव्हा म्हटलं, असू दे. पण शेवटचं बोलावणं आलं तेव्हा म्हटलं, नळ पार फुटला असणार. कुठाय?"

बायकोने त्याला घाईघाईने आत नेलं. दादाने कप बशीत ठेवला.

"यालाही?" त्याने विचारलं.

खातेदाराने मान खाली घातली.

"अजून किती जणांना?"

"फोनमध्ये आहेत तेवढ्यांना."

दादा उठला, आत गेला, बॅग भरली. भांडला नाही, आवाज चढवला नाही. "येते मी" म्हणताना पाहुणी बाई लाजते तसा थोडा अवघडून धाकट्याच्या बायकोचा निरोप घेतला आणि जिना उतरून गेला.

खातेदार तिथेच बसून राहिला. अशा वेळी त्याचा हात कुठे जाणार ते ठरलेलं. त्याने फोन काढला, 'ओळभर' उघडली आणि लिहू लागला, 'आज माझा दादा'. तेवढं लिहून त्याचा अंगठा थांबला. असेच शब्द आपण एकदा लिहिले होते, हे त्याला आठवलं. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की कानशिलं तापली. स्वयंपाकघराच्या दारातून बायको त्याच्याकडे बघत होती.

"आता तरी तोंडाने बोला," ती म्हणाली.

फोन टेबलावर टाकून तो घरातल्या चपलांनीच धावत सुटला. दादा बसथांब्यावर बाकाच्या टोकाला बसला होता. हा धापा टाकत शेजारी टेकला.

"दादा, मी तुला बोलावलं नव्हतं."

"कळलं ते."

"त्या वेळचंही... मी मुद्दाम केलं नव्हतं."

"मुद्दाम नव्हतंस, तेच तर दुखतं," दादा म्हणाला. "मुद्दाम केलं असतंस तर भांडून मोकळा झालो असतो. तुझ्या हातून होतं ते असं, जाता जाता. मी आपला त्या गठ्ठ्यात. डॉक्टरीणबाई, नळवाला आणि मी."

खातेदाराने समजावण्याची जी सगळी वाक्यं इतकी वर्षं जुळवून ठेवली होती त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तू कुणाला बोलू नकोस म्हणालास आणि मी बोललो. आणि काल तू दारात दिसलास तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की खरं सांगायची हिंमतच झाली नाही. तू परत गेला असतास."

दादा रस्त्याकडे बघत राहिला. "हे लिहिलंस कुठे?"

"नाही."

"खरं?"

"फोन घरी आहे."

दादाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रिकामे हात, घरातल्या चपला, सदऱ्यावर सांडलेला चहा. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला आणि तो गेलेला दात दिसला. "एवढ्या लोकांना बोलावलंस," तो म्हणाला, "आणि आलो दोघंच. मी आणि नळवाला."

"तो तर नळासाठी आला."

"तेच म्हणतोय मी."

बस आली. राहा म्हणायला खातेदाराची जीभ उचलेना, आणि दादानेही राहतो म्हटलं नाही. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला. "त्या दाताचं काय?"

"आठवडाभरात होईल."

"झाला की कळव," दादा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मला." आणि आत जाऊन बसला.

दात झाला. खातेदाराने आजवर केलेल्या कामांत ते सगळ्यात देखणं काम होतं. दादाच्या बाकीच्या दातांना वयाने जी पिवळी झाक आली होती तीच याने हुबेहूब धरली होती. एरवी त्याने अशा कामाचे चार बाजूंनी फोटो काढून चार ठिकाणी चढवले असते. त्या दुपारी फोनही सारखा किणकिणत होता. 'घरोबा' जड अंतःकरणाने बंद होत असल्याचं कळवत होती. 'ओळभर' विचारत होती, आज काहीच लिहिलं नाहीत, सगळं ठीक ना? खातेदाराने दोन्ही बाजूला सारलं, प्लास्टरचे हात पुसले आणि नंबर लावला.

"दादा, दात झाला."

"अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही. पहिला तूच."

"मग येतो," दादा म्हणाला.